सोनोग्राफीच्या रिपोर्टमधला आकडा

घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये घरकामाला जाणाऱ्या आपल्या भगिनींशी बोलताना एक गोष्ट आम्हाला वारंवार ऐकू येते. छातीत गाठ हाताला लागली, डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली, आणि बाई गेलीच नाही. सोनोग्राफी म्हणजे पोटातल्या बाळाची, हे मनात पक्के. सेंटरच्या दारावरची पाटीही गर्भलिंग निदान होत नाही, अशीच. गेली, तर रिपोर्टवरचे ‘बायरॅड्स 3’ किंवा ‘4’ कोण समजावणार?

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडतात, त्याचा प्रतिध्वनी यंत्र टिपते आणि पडद्यावर काळे-करडे ठिपके उमटतात. पाण्याची गाठ काळीभोर दिसते. साधी घट्ट गाठ बहुधा आडवी, गुळगुळीत कडेची. कॅन्सरची पुष्कळदा उभी, वेड्यावाकड्या कडेची. ‘बहुधा’ आणि ‘पुष्कळदा’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण संख्याशास्त्राचे काम इथेच आहे.

चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला आकडा असतो, सहसा काळ्याला 0 ते पांढऱ्याला 255. गाठीतल्या ठिपक्यांची सरासरी किती, ते एकमेकांपासून किती वेगळे, शेजारी-शेजारी कसे बसलेत, हे संगणक मोजतो. ज्या गाठींचा निकाल आधीच लागला आहे, त्यांच्या चित्रांशी ताडून तो शक्यता सांगतो. निकाल सांगत नाही. आपल्यासारख्या बायकांची चित्रे त्याला दाखवलीच नसतील, तर तो चुकेलही.

बायरॅड्सचा आकडा डॉक्टर देतात, तोही शक्यतेचाच. 2 म्हणजे साधी गाठ. 3 म्हणजे कॅन्सरची शक्यता शंभरात दोन किंवा त्याहून कमी. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. 4 आला की सुईने तुकडा काढून तपासतात, आणि त्यातल्या पुष्कळ गाठी साध्याच निघतात. 5 असेल तर एक आठवडाही घालवू नका.

मात्र गाठ आहे हे आधी कळायला यंत्र लागतेच असे नाही. टाटा हॉस्पिटलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. 2021 साली निष्कर्ष आले: या गटात कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्याने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले.

गाठ लागली तर महापालिकेच्या कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात दाखवा. आधीची सोनोग्राफी झाली असेल तर नुसता रिपोर्ट नको, फिल्मही न्या. गाठ वाढली का, हे डॉक्टरांना दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच कळते.