शून्य दाखवणारा मीटर

मैलापाण्यातला हायड्रोजन सल्फाइड मोजणारा सेन्सर निकामी झाला की बहुधा शून्य दाखवतो. चांगला सेन्सरही स्वच्छ हवेत शून्यच दाखवतो. दिल्ली, नोएडा, गाझियाबादच्या पंपिंग स्टेशनांवर राबणाऱ्यांना नुसत्या पडद्याकडे बघून या दोन शून्यांतला फरक कळत नाही. ठाऊक तीव्रतेचा वायू सेन्सरला दिला, तरच तो कळतो.

नाकावर तर विसंबूच नये. कुजक्या अंड्याचा वास अत्यल्प प्रमाणातही येतो. पण १०० पीपीएमच्या आसपास घ्राणशक्ती बधिर होते आणि धोका नेमका तिथेच जिवावर बेततो. दिल्लीच्या मोती नगरमध्ये ९ सप्टेंबर २०१८ रोजी एका गृहसंकुलाच्या मैलापाण्याच्या टाकीत उतरलेले पाच कामगार दगावले.

मीटरच्या तपासणीची सुरुवात शून्य लावण्यापासून होते, आणि सर्वाधिक घोळही तिथेच होतो. नजफगढ नाल्याच्या काठी किंवा मॅनहोलच्या तोंडाशी उभे राहून शून्य लावले, तर तिथल्या हवेत मुरलेला वायूच शून्य धरला जातो. पुढे प्रत्येक आकडा तेवढ्याने कमी येतो. म्हणून हे काम दुर्गंधीपासून दूर, मोकळ्या हवेत करावे.

त्यानंतर सिलिंडरमधला, साधारणपणे २५ पीपीएमचा, वायू द्यायचा. सिलिंडरवरची मुदत आधी वाचावी. मुदत उलटल्यावर आतला वायू क्षीण होतो आणि चांगला सेन्सरही वाईट ठरतो. साधी रबरी नळी हा वायू शोषते; टेफ्लॉनची आखूड नळी बरी. वायू सोडताच आकडा टिपू नये, तो चढून स्थिरावेपर्यंत थांबावे. अलार्म वाजला म्हणजे सेन्सर जिवंत आहे एवढेच कळते. तो अचूक आहे का, हे स्थिरावलेला आकडा सिलिंडरवरच्या आकड्याशी ताडल्यावरच कळते. हा आकडा कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मीटर सिलिंडरवरच्या आकड्याशी जुळवण्याच्या, आधी वहीत लिहावा. बहुतेक जण तो नंतर लिहितात. मग आदल्या पाळीत मीटर किती चुकत होता, हे कुणालाच सांगता येत नाही.

दिल्लीचे हवामान या सेन्सरला मानवत नाही. मे-जूनच्या कोरड्या लूमध्ये त्यातले इलेक्ट्रोलाइट सुकते. पावसाळ्यात जाळीवर पाण्याचा थेंब बसला तर वायू आत पोचतच नाही. जाळी चिखलाने माखली तरी तेच होते. त्यामुळे मीटर जाळी-फिल्टरसकट, जसा कमरेला लावून नेणार तसाच तपासावा. फिल्टर काढून केलेली चाचणी कागदोपत्रीच उत्तीर्ण होते. शिवाय कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड असे वायूही आकडा फिरवतात. शंका आली तर रंग बदलणाऱ्या काचनळीने पडताळा घ्यावा.

मीटर बरोबर असला तरी गाळ ढवळण्याआधीचे माप पुरेसे नसते. पाण्यात विरघळलेला वायू ढवळताच उसळून बाहेर येतो. मीटर आत सोडून माप चालूच ठेवावे लागते. ज्या मीटरची त्या दिवशीची नोंद वहीत नाही, तो घेऊन कुणालाही टाकीत उतरू देऊ नये.