चित्रांची नक्कल व चित्रकाराचा हक्क

दुसऱ्याचें चित्र पाहून आपण चित्र काढलें, तर तें कोणाचें? हा प्रश्न वरवर पाहतां सोपा दिसतो; परंतु त्यांत कला, कायदा आणि नीति या तिहींचा संबंध येतो. या वार्षिकासाठीं आलेलीं चित्रें निवडतांना तो आम्हांपुढें दर वर्षीं उभा राहतो. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, अनुकरण हें कलाशिक्षणाचें मूळ होय. याचें उत्तम उदाहरण आपल्या शेजारच्याच जिल्ह्यांत आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल यांची १८४४ सालीं नेमणूक झाली. त्यांनीं वर्षानुवर्षें खपून केलेल्या बहुतेक नकला लंडनजवळच्या स्फटिकगृहास १८६६ सालीं लागलेल्या आगींत जळाल्या. पुढें १८७२ ते १८८५ या काळांत मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांकडून तें काम पुन्हां करविलें. त्यांतीलहि पुष्कळ चित्रें १८८५ सालीं लंडन येथें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलीं.

या हकीकतींत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. रंग उठून दिसावे म्हणून नकलाकारांनीं मूळ चित्रांवर व्हार्निश चढविलें. तें पुढें काळवंडलें व चित्रांस अपायकारक ठरलें. नक्कल करणाऱ्यानें मूळास धक्का लावूं नये, हा पहिला धडा. दुसरें असें कीं, मूळ चित्रकारांचीं नांवें काळानें पुसलीं हें खरें. पण त्या नकला तरी जगांत ग्रिफिथ्स यांच्याच नांवानें ओळखल्या जातात. अंधाऱ्या लेण्यांत बसून ज्या विद्यार्थ्यांनीं त्यांत रंग भरले, त्यांचीं नांवें आज किती जणांस ठाऊक आहेत? श्रम एकाचे आणि नांव दुसऱ्याचें, ही गोष्ट मनास टोंचल्यावांचून राहत नाहीं.

तथापि नकलेंतून नवें कसें निपजतें, हेंहि अजिंठाच दाखवितो. १९०९ ते १९११ च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम यांच्या हाताखालीं नकला करणाऱ्यांत तरुण नंदलाल बोस होते. त्या रेषा त्यांच्या हातांत मुरल्या. पुढें अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल यांच्या परंपरेंत शिकलेले गोव्याचे अँजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनीं पुण्यास राहून ख्रिस्तमाता मरियेचीं चित्रें काढलीं. माता व बालक ही आकृति युरोपांतील शेंकडों चित्रकारांनीं रंगविलेली. पण फोन्सेका यांची मरिया लुगडें नेसून आपल्या घरांतील आईसारखी बसली. कांहीं लोकांस तें रुचलें नाहीं. आमच्या मतें मात्र हीच खरी रूपांतराची कसोटी होय. घेतलेली वस्तु देणाऱ्यासहि नवी वाटावी.

आतां बाजाराची बाजू पाहूं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळामुद्रणाचा छापखाना काढला. तो पुढें मळवलीस गेला. प्रत्येक रंगास निराळा दगड, अशा रीतीनें छापलेल्या लक्ष्मी–सरस्वतीच्या तसबिरी झोंपडीपासून वाड्यापर्यंत पोंचल्या. स्त्रियांनीं त्यांतील लुगड्यांवर जर–टिकली शिवली. व्यापाऱ्यांनीं त्याच आकृति काडेपेट्यांवर व दिनदर्शिकांवर छापल्या. दोघांनींहि परक्याचें चित्र वापरलें. पण एकींत भक्ति व हातचें काम होतें, दुसऱ्यांत विक्री. न्याय करतांना हा भेद विसरतां येत नाहीं.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या भारतीय कायद्याप्रमाणें (मुदतींत १९९२ सालीं वाढ झाली) चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातींत व मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. रविवर्मा १९०६ सालीं वारले. त्यांच्या चित्रांवरील हक्क केव्हांच संपला. फोन्सेका यांच्या चित्रांवरील हक्काची मुदत २०२७ सालाची अखेर ही आहे. कल्पनेस मात्र मालक नसतो, तिच्या मांडणीस असतो. दादासाहेब फाळके यांनीं मुंबईस ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांचीं चरित्रें अशींच पडद्यावर आणावीं असें त्यांच्या मनानें घेतलें. त्या ध्यासांतून १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ जन्मास आला. यास कोणीहि चोरी म्हणत नाहीं.

यावर एक पक्ष म्हणतो, आकृति ही गांवच्या विहिरीसारखी सर्वांची आहे. फादर स्टीफन्स यांनीं सतराव्या शतकांत संतांचीच ओंवी घेऊन ‘ख्रिस्तपुराण’ रचलें नाहीं काय? दुसरा पक्ष विचारतो, विहीर खणणाऱ्याच्या घरीं चूल पेटावी कीं नाहीं? आज संगणक लाखों चित्रें पचवून क्षणांत नवें चित्र पुढें टाकतो, तेव्हां हा दुसरा प्रश्न अधिकच तीव्र झाला आहे. कारण तेथें कोणाचें काय घेतलें, हें घेणाऱ्यासहि सांगतां येत नाहीं.

आम्ही तीन कसोट्या सुचवितों. मूळ चित्रकाराचें नांव सांगितलें काय? आपली कांहीं भर घातली काय? आपल्या कृतीनें कोणाच्या पोटावर पाय आला काय? कायद्याची मुदत संपली तरी पहिली कसोटी संपत नाहीं. मोशेच्या आठव्या आज्ञेनें चोरी निषिद्ध केली आहे, आणि नांव हीहि माणसाची मालमत्ताच आहे. म्हणून या वार्षिकांत ज्या चित्रास आधार असेल, त्याखालीं ‘अमक्यांच्या चित्रावरून’ असें लिहिण्याची पद्धत आम्हीं ठेविली आहे. त्यानें विद्यार्थ्यास कमीपणा येत नाहीं. त्याचा गुरु कोण, हें वाचकांस कळतें.

अभ्यासासाठीं प्रश्न
१. अजिंठ्याच्या नकलांचें श्रेय कोणाकोणास द्यावें? कारणें लिहा.
२. तसबिरीवर जर–टिकली शिवणारी स्त्री व तीच आकृति काडेपेटीवर छापणारा व्यापारी, यांत भेद कोणता?
३. आपल्या घरांतील एका छापील चित्राचा मूळ चित्रकार शोधून त्याची माहिती दहा ओळींत लिहा.