झाड हलवायचं तर आधी मुळांना वेळ द्या

फळावर आलेलं झाड दुसरीकडे लावायचं असेल तर तयारी आठ-दहा महिने आधी सुरू करा. हे कळकळीने सांगते आहे, कारण पैठण रस्त्यालगतच्या आमच्या अंगणातला केसर आंबा घाईने गेला. कुंपण मागे घ्यायचं ठरलं आणि ठेकेदाराने ऐन मे महिन्यात जेसीबी आणून उभा केला. आमची काळी माती त्या दिवसांत भेगाळून तिची ढेकळं झालेली असतात. झाड उचललं तशी माती मुळांपासून सुटली, सोटमूळ तुटलं, आणि खरं पाणी ओढणारी तंतुमुळं उन्हात उघडी पडली. पानं काही दिवस हिरवी होती. मग फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. आईने लावलेलं झाड होतं ते.

मोसंबीला मात्र वेळ मिळाला, आणि ती जगली. पावसाळा सरताना खोडाभोवती अर्धा गोल चर खोदून मुळं धारदार करवतीने कापली, चरात शेणखत मिसळलेली भुसभुशीत माती भरली. उरलेला अर्धा चर हिवाळ्यानंतर घेतला. या मातीत नवी तंतुमुळं फुटतात आणि झाडाबरोबर तीच पुढे जातात. खोड दहा सेंटिमीटर जाड असेल तर मुळांचा गोळा मीटरभर रुंद हवा. त्याचं वजन पाऊण टनाच्या घरात जातं, तेव्हा क्रेन लागतेच. पट्टा गोळ्याखालून घ्यायचा, खोडाला कधीच नाही. उचलण्याच्या दोन दिवस आधी भरपूर पाणी द्या, गोळा गोणपाट-सुतळीने आवळून बांधा, फळं उतरवा, पालवी तिसरा हिस्सा कमी करा. जूनचा चांगला पाऊस झाला की मगच हलवा.

नव्या खड्ड्यात आधी पाणी ओतून ते जिरतं का पाहा. खाली कडक मुरूम असेल तर ते तुंबतं. डोळा भरलेला सांधा जमिनीच्या वरच ठेवा. मोसंबीत तो मातीखाली गेला की डिंक्या लागतो. खोडाला बोर्डो पेस्ट लावा. आणि बहारासाठी ताण देण्याचा मोह पहिलं वर्षभर तरी टाळा. शहरात झाड हलवायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, ती आधी काढा. काही अडलं तर छत्रपती संभाजीनगरच्या हिमायत बागेत फळ संशोधन केंद्र आहे.

आमचा केसर वाळत चालला तेव्हा फ्लोरिडातला माझा भाऊ म्हणाला, त्याची निदान एक काडी बॅगेतून पाठव. मी नाही म्हणाले. मातीसकट रोप अमेरिकेत नेता येत नाही, आणि रोप देशाबाहेर न्यायचं तर बहुतेक वेळा तिथली परवानगी व इथलं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. ही नुसती कागदी अडवणूक नव्हे. फ्लोरिडात 2005 साली सिट्रस ग्रीनिंग हा लिंबूवर्गीय झाडांचा रोग सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागा त्याने उद्ध्वस्त केल्या. रोगट काडीतून तो नव्या जागी पोचतो, आणि काडी वरून निरोगी दिसू शकते.

आंबा देशांतर करतो, पण असा. 1889 साली भारतातून मुलगोबाची कलमं सरकारी मार्गाने फ्लोरिडाला गेली. 1894-95च्या कडाक्याच्या थंडीतून त्यांतलं एकच वाचलं. त्याच्या फळाची कोय 1902 साली कॅप्टन हेडन यांनी लावली, आणि तिच्यातून आजचा प्रसिद्ध ‘हेडन’ आंबा मिळाला. कलमं गेली ती कोवळी, मोठं झाड कुणी उपटून नेलं नाही.

परदेशातल्या आपल्या माणसांना माझी विनंती आहे: गावाकडचं झाड गावाकडेच राहू द्या, आणि तुम्ही राहता तिथल्या परवानाधारक रोपवाटिकेत त्याच जातीचं कलम मागा.