मीठ बरणीत पुरेसे, लोणचे पानात थोडे

परसातल्या आंब्याच्या कैऱ्या उतरल्या की घरोघरी अडकित्ते आणि बरण्या बाहेर निघतात. अशा वेळी रक्तदाबाचे रुग्ण मला हमखास विचारतात, "डॉक्टर, यंदा लोणच्यात मीठ निम्मेच घालू का?" एका आजींनी न विचारताच तसे केले. श्रावणाआधीच बरणीत बुरशी आली. आजींना लोणचे टाकवेना. वरचा थर काढून त्या खातच राहिल्या.

मीठ केवळ चवीसाठी नसते. ते फोडींतले पाणी ओढून घेते व जंतूंना वाढू देत नाही. एक किलो फोडींना १५० ग्रॅम तरी मीठ हवे. कैऱ्या धुऊन, पुसून, पूर्ण सुकल्यावरच फोडाव्यात. अडकित्ता, बरणी, चमचा सारे कोरडे असावे. बरणी काचेची किंवा चिनी मातीची घ्यावी. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबटपणामुळे तांबे उतरते व उलट्या होऊ शकतात. तेल तापवून, थंड करून, फोडी बुडतील इतके ओतावे. तरीही बुरशी आलीच, तर सगळे लोणचे टाकून द्यावे.

मग रक्तदाबाचे काय? प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १५ ग्रॅम लोणच्यातच सुमारे दीड ग्रॅम मीठ असते. म्हणून बरणीतले मीठ कमी करू नका, पानातले लोणचे कमी करा. रोज नव्हे, कधीतरी एक लहान फोड. डॉक्टरांनी लोणचे बंद सांगितले असेल, तर तीही नको.