तारा तुटला तेव्हा
(शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी पाठ)

उद्देश : जे पाहिले तेवढेच सांगावे, हे मुलांच्या मनावर बिंबवणे.
वाचन : यिर्मया १०:२, निर्गम २०:१६.

समजा, गोव्यातील डिचोली तालुक्यात, मुळगावी, रात्रीची जेवणे आटोपून आपण अंगणात बसलो आहो. एकाएकी शुक्राहूनही तेजस्वी असा गोळा आकाश उजळीत जातो आणि दोन-तीन सेकंदांत विझतो. "तारा तुटला!" असे आपण म्हणतो. कोणी त्यात अपशकुन पाहतो. मुले घाबरून आपल्या तोंडाकडे पाहतात. त्यांना आपण काय सांगणार?

प्रथम सांगावे की, तारा तुटत नाही. अवकाशातील दगडाचा तुकडा सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो. त्याच्या पुढची हवा दाबली जाऊन अतिशय तापते आणि तो पेटतो. क्वचित त्याचे तुकडे जमिनीपर्यंत पोहोचतात. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल येथे असे दगड भर दुपारी पडले. यिर्मयाच्या वचनात आकाशातील चिन्हांना भिऊ नये असे सांगितले आहे, ते येथे मुलांना समजावून द्यावे.

मग दुसरे उदाहरण द्यावे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात पुष्कळांनी आकाशातून सरकणारे प्रकाशाचे पट्टे पाहिले. कित्येकांनी त्यांना उल्का म्हटले. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी येथे धातूचे भले मोठे कडे सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. लोकांच्या डोळ्यांनी त्यांना फसवले नव्हते. नाव देण्याची घाई मात्र झाली होती.

रॉकेटचे अवशेष उल्केपेक्षा सावकाश जातात. म्हणून किती सेकंद दिसले, कोणत्या दिशेने गेले, रंग कोणता होता, तुकडे झाले काय, हे लगेच लिहून ठेवावे. काही मिनिटे कानही द्यावा, कारण आवाज प्रकाशाच्या मागून येतो.

खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपल्याला पाठ आहे. पण खोटे नेहमी दुष्टपणानेच बोलले जाते असे नाही; पाहिलेल्यात थोडी भर घातली की पुरे. शेजाऱ्याविषयी बोलताना आपण असेच करतो. आकाशातल्या गोष्टीत चूक झाली तर ती सुधारता येते. शेजाऱ्याचे गेलेले नाव परत मिळत नाही.

चर्चेसाठी प्रश्न :
१. "मी पाहिले" आणि "मला वाटले" यांत फरक काय?
२. या आठवड्यात आपण न पाहिलेले काय सांगितले?