विस्तवाआधीची पारख

परदेशातून आलेल्या तुझ्या साहेबांनी तुला आखूड, सौम्य सिगारींची डबी दिली आणि त्यांची चव कशी घ्यायची हे तू मला विचारलंस, ते बरं केलंस. माझा जन्म सोलापुरात विड्या तपासण्यात गेला. विडी आणि सिगार यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर असलं तरी जात एकच. दोन्ही पानात गुंडाळलेल्या, दोन्ही हातानं वळलेल्या. 1966 साली कामगारांसाठी कायदा झाला, तोही विडी आणि सिगार अशा दोघींचा मिळून एकच. म्हणून एकीची पारख जमली की दुसरीची अवघड जात नाही. विडी कारखान्याच्या ब्रँचवर, जिथे बायका वळलेला माल आणून देतात, माझ्या आधी जे चेकर होते, त्यांनी मला हाताशी धरून जे शिकवलं तेच आता तुला सांगतो.

त्यांचं पहिलं सांगणं असं, की काडी पेटवायची घाई करू नये. मालाबद्दल जे कळायचं असतं त्यातलं बहुतेक विस्तवाआधीच कळतं. सकाळी बायका माल घेऊन येत. पंचवीस विड्यांचं बंडल हातात आलं की आधी त्याची टोकं बघायची. सगळ्या विड्या एका उंचीच्या आहेत का, मिटलेली तोंडं घट्ट आहेत का, दोरा एका रेषेत बसलाय का. मग बंडल टेबलावर हलकेच आपटायचं. तंबाखू गळाला तर भरण सैल. मधलीच एखादी विडी काढून अंगठा आणि तर्जनीत फिरवायची. कुठे पोकळ लागते, कुठे गाठ लागते, हे बोट सांगतं. पान कुरकुरलं तर वळताना ते कोरडं होतं. हे सगळं व्हायला मोजून चार-पाच क्षण लागतात, पण ते शिकायला माझी उमेदीची वर्षं गेली.

सिगारही अशीच हातात घे. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. वरचं पान ताणून बसलेलं हवं, शिरा बारीक हव्यात, फाटलेलं किंवा डागाळलेलं नको. वरपासून खालपर्यंत दोन बोटांनी हलकेच दाबत जा. दाबल्यावर किंचित आत जाऊन परत वर यायला हवी. एखाद्या जागी मऊ लागली तर तिथे पान कमी भरलंय, तिथे ती भराभर आणि गरम जळणार. एखाद्या जागी दगडासारखी लागली तर तिथे धूर अडणार. मग पेटवायचं टोक डोळ्यांपुढे धर. चांगल्या सिगारीत आत अख्खी लांब पानं घड्या घालून बसवलेली दिसतात. स्वस्त मालात तुकडे भरलेले असतात.

पानाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे विडी आणि सिगार वेगळ्या वाटेनं जातात. विडीचं पान तंबाखूचं नसतं. ते टेंभुर्णीचं, ज्याला व्यापारी तेंदू म्हणतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या आणि पलीकडे मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या जंगलांत उन्हाळ्यात, पावसाआधी ते तोडतात, वाळवतात आणि पोत्यांतून पाठवतात. आतला तंबाखू येतो निपाणी भागातून, नाहीतर गुजरातेतल्या चरोतरातून. सिगारीत मात्र तीन थर असतात आणि तिन्ही तंबाखूचेच. आतलं भरण, त्याला आवळून धरणारं मधलं पान आणि सगळ्यांत वर वेष्टनाचं देखणं पान. त्यामुळे वरच्या पानाची चव जिभेवर थेट येते. तुझ्या डबीतल्यासारख्या फिकट सोनेरी सिगारींवर बहुधा कनेटिकट जातीचं पान असतं. ते कापडी मांडवाखाली, सावलीत वाढवतात, म्हणून पातळ आणि नरम राहतं. पण रंगावर भुलू नकोस. सिगारीचा जोर ठरतो तो आतल्या भरणावर. झाडाच्या शेंड्याकडची पानं ऊन खाऊन जाड आणि कडक होतात, खालची मवाळ राहतात. सौम्य सिगार करणारा शेंड्याची पानं हात राखून घालतो. बाहेरून काळपट असलेली सिगार जिभेला गोडसर लागू शकते आणि गोरीपान दिसणारी कडक निघू शकते.

ओलाव्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. आमच्या बायका रात्री पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात आणि सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापतात. ओलं जास्त झालं तर बुरशी धरतं, कमी झालं तर वळताना फाटतं. सिगारीला हवेत पासष्ट ते सत्तर टक्के ओलावा लागतो. आपल्याकडच्या वैशाखात ती उघड्यावर राहिली तर वरचं पान तडकलंच म्हणून समज. फ्रीजमध्ये ठेवू नकोस, तिथली हवा कोरडी असते आणि फोडणीचे वासही लागतात. ओलावा सांभाळणाऱ्या छोट्या पुड्या मिळतात. घट्ट झाकणाच्या डब्यात तसली एक पुडी टाक आणि डबा अंधारात ठेव. सुकलेल्या सिगारीवर पाणी शिंपडायचं नाही. पुडीसोबत डब्यातच पडू दे, काही आठवड्यांनी ती सावकाश सावरते.

आता वास. पेटवण्याआधी नाकाशी धर. वरून एकदा, टोकाकडून एकदा. आंबवून, मुरवून तयार झालेल्या पानाला वाळल्या कडब्याचा, जुन्या लाकडी कपाटाचा, कधी कोकोचा वास येतो. कल्हईवाल्याच्या भट्टीजवळ नवसागराचा नाकात झोंबणारा वास यायचा, तसला वास आला तर पान पुरतं मुरलेलं नाही. ती सिगार डब्यात परत ठेव, तिला आणखी वेळ दे.

बंद टोकाची टोपी कापायची, तीही जेमतेम दोन मिलिमीटर. जास्त कापलंस तर वरचं पान उलगडत जातं. कापल्यावर न पेटवता एक झुरका ओढून बघ. हवा मोकळी आली, ओठांवर गोडसर किंवा मिठासारखं काही लागलं, की माल चांगला. खरं सांगू? ज्यानं आजवर तंबाखूला हात लावला नाही, त्यानं इथेच थांबावं. पान बघून झालं, वास घेऊन झाला, हातातलं वजन कळलं. पारखीतला मोठा भाग पदरात पडला. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या कितीतरी अक्कांनी उभ्या आयुष्यात विडी ओढली नाही, पण हातातली विडी कशी लागेल हे त्या बरोबर सांगायच्या.

पेटवणारच असशील तर लांब काडी घे आणि तिचं गुल जळून जाऊ दे. ज्योत टोकाला चिकटवायची नाही. थोडी खाली धरून सिगार फिरवत कडेनं सगळीकडून शेकायची, मगच ओढायची. विडीची सवय असलेले इथेच फसतात. टेंभुर्णीचं पान विस्तव धरून ठेवत नाही. विडी तोंडातून काढून गप्पा मारत बसलं की विझते, म्हणून विडीवाला सारखा ओढत राहतो. सिगार तशी ओढलीस तर तापते आणि कडू होते. मिनिटाला एक झुरका पुरे. धूर तोंडात फिरवायचा, जिभेच्या दोन्ही कडांना लागू द्यायचा आणि सोडायचा. छातीत घ्यायचाच नाही.

चव ओळखताना डबीवर छापलेले शब्द शोधत बसू नकोस. तू सोलापूरचा. तुला भाजलेल्या शेंगा ठाऊक आहेत, कढवलेल्या तुपाची बेरी ठाऊक आहे, साय ठाऊक आहे, सुतारकामाचा भुसा ठाऊक आहे. जे आठवेल तेच त्या धुराचं नाव. लांब सिगारीत सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन चवी वेगवेगळ्या येतात. आखूड सिगारीत त्यांना जागा कमी मिळते. पहिल्या दहा मिनिटांत साय आणि लाकूड, मग थोडं मिरं, आणि पाठोपाठ उष्णता ओठांशी येते. तिसरा भाग उरला की ठेवून दे. शेवटपर्यंत ओढण्यात काही मर्दुमकी नाही. राख सारखी झटकायची नाही. चांगल्या भरणाची राख बोटाच्या पेराएवढी टिकते आणि विस्तव थंड ठेवते. राखेवरून माल ओळखता येतो हे खरं आहे. शेरलॉक होम्सनं 1887 च्या त्याच्या पहिल्याच कथेत आपल्या तिरुचिरापल्लीचा चिरूट राखेवरून ओळखला होता.

आता ‘सौम्य’ या शब्दाबद्दल. माझ्या देखत माणसं खोकून खोकून गेली आहेत, म्हणून हे कान देऊन ऐक. विडीत तंबाखू जेमतेम पाव ग्रॅम, सिगारेटपेक्षा कितीतरी कमी, म्हणून लोक तिला हलकी म्हणत आले. पण तिच्या पानातून हवा आत शिरत नाही, झुरका जोरात आणि खोल घ्यावा लागतो, आणि डांबर, कार्बन मोनॉक्साइड, निकोटिन सिगारेटपेक्षा कमी जात नाही. सिगारीचंही तेच. धूर छातीत घेतला नाही तरी निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर सौम्य आणि कडक यांत फरक करत नाही. सौम्य असते ती चव. तेव्हा वर्षातून एखादी, मोकळ्या हवेत, पोरंबाळं आणि गरोदर बाई आसपास नसताना. डबी संपली म्हणून दुसरी आणायची नाही.

आणि दाद द्यायची असेल तर हाताला दे. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली निम्मी घरं विडीवर उभी राहिली. तेलंगणातून आलेले पद्मशाली पुरुष मागावर बसले, बायका सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसल्या. पानाचा तुकडा डाव्या हातात, चिमूटभर तंबाखू लांबीनं सारखा पसरायचा, अंगठ्यानं गुंडाळायचा, तोंड नखानं मिटायचं, दोरा आवळायचा आणि पुढचं पान. दिवसाला हजार विड्या वळणारे हात मी पाहिले आहेत, त्यांची नखं झिजलेली पाहिली आहेत, तंबाखूच्या धुळीनं धरलेला खोकला ऐकला आहे. हवानाच्या सिगार कारखान्यांत 1865 पासून वळणाऱ्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत पडली. ‘मॉन्टेक्रिस्टो’ हा नावाजलेला ब्रँड अशाच वाचनातल्या ड्यूमाच्या कादंबरीवरून आला. आमच्या अक्का रेडिओवरची तेलुगू गाणी आणि एकमेकींची सुखदुःखं ऐकत वळायच्या. कामगार नेते आडम मास्तरांच्या पुढाकारानं या विडी वळणाऱ्या बायकांसाठी सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरकुलं झाली, 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी आले. भाड्याच्या एका खोलीत आयुष्य काढलेल्या बाईला स्वतःचं दार मिळालं, हे मी कुठल्याही उंची मालापेक्षा मोठं मानतो.

माझ्या त्या चेकर गुरूंनी छाट, म्हणजे नापास विड्या, काढण्याबद्दल एकच सांगितलं होतं. विडी नाकारायची तर दोष त्याच बाईच्या हातात ठेवून दाखवायचा, तिच्या डोळ्यांदेखत. कारखान्यानं दिलेलं पानच किडकं असेल तर तिचा पैसा कापायचा नाही. छाटीवरून तंटा झाला तर तो कुणी सोडवायचा हेही 1966 च्या त्या कायद्यात लिहिलेलं होतं, आणि ते कलम त्यांना तोंडपाठ होतं.

तुझ्या डबीवर कुठल्या गावात, कुणाच्या कारखान्यात माल वळला हे छापलेलं असेल. साहेबांना विचार, त्यांनी तो कारखाना पाहिला असेल तर वळणाऱ्यांना काय मिळतं तेही विचार. आणि सुट्टीला येशील तेव्हा एक सिगार न पेटवता घेऊन ये. सकाळी लवकर ब्रँचवर जाऊ. अक्कांच्या हातात ती देऊ आणि त्या काय म्हणतात ते ऐकू. भरण कुठे चुकलंय ते त्या माझ्याआधी सांगतील.