सापाच्या पेटीतील ऊब आणि थर्मोस्टॅट

तलासरी तालुक्यातील झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे उत्तर टोक. त्यापुढे गुजरातची हद्द लागते. समुद्र जवळ असल्यामुळे येथे कडाक्याची थंडी पडत नाही. तरीही जानेवारीतल्या एखाद्या रात्री पारा १५-१६ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो. अशा रात्रीनंतर ऊन वर आले, की शेताच्या बांधावर एखादी धामण अंग पसरून पडलेली दिसते. ती आळसावलेली नसते. ती आपले शरीर तापवत असते.

आपले शरीर अन्नापासून उष्णता निर्माण करते आणि आपले तापमान ३७ अंशांजवळ राखते. साप हा अनियततापी प्राणी आहे. तो बाहेरची उष्णता घेतो: ऊब हवी असेल तर उन्हात येतो, पुरे झाली की सावलीत जातो. ही ऊब न मिळाल्यास त्याचे पचन मंदावते आणि गिळलेले भक्ष्य तो ओकून टाकू शकतो. पेटीत बंद केलेल्या सापाला मात्र ऊन-सावलीची निवड राहत नाही. ती निवड आपण करून द्यावी लागते.

पेटीत साप कोण ठेवतो?

धामण, नाग, घोणस, अजगर हे आपले साप वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहेत. ते घरी पाळणे गुन्हा आहे. जखमी साप आढळल्यास त्याला हात न लावता वन विभागाला कळवावे. पुण्यात कात्रज येथे १९८६ साली सर्पोद्यान सुरू झाले; आज ते राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाचा भाग आहे. अशा ठिकाणी सापांची रीतसर देखभाल होते. पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथनसारखे विदेशी साप काही जण पाळतात, पण त्यांचीही शासनाकडे नोंद करावी लागते. आपण येथे साप पाळायला नव्हे, तर त्याच्या पेटीचे भौतिकशास्त्र शिकणार आहोत.

बॉल पायथनच्या पेटीचे एक टोक ३१-३२ अंश, तर दुसरे २५-२६ अंश ठेवतात. त्यासाठी तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखालीच तापपट्टी ठेवतात. सगळा तळ तापवला, तर सापाला पळायला थंड कोपरा उरत नाही. शिवाय तापलेल्या पृष्ठभागावरून साप वेळीच हलेल असा भरवसा नसतो. तो तेथेच पडून राहतो आणि त्याचे पोट भाजते.

थर्मोस्टॅट काय करतो?

घरातल्या इस्त्रीत द्विधातू पट्टी असते. तिच्या दोन धातूंचे प्रसरण सारखे नसते. तापल्यावर पट्टी वाकते, विजेचा संपर्क तुटतो. निवल्यावर ती सरळ होते आणि संपर्क पुन्हा जुळतो. इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅटमध्ये हेच काम थर्मिस्टर व रिले करतात. ३२ अंशांवर बंद आणि ३० अंशांवर चालू, अशी थोडी तफावत मुद्दाम ठेवलेली असते. ती नसती तर संपर्क सतत उघडझाप करून लवकर झिजला असता.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. थर्मोस्टॅटला पेटीचे तापमान कळत नाही. त्याला फक्त आपल्या संवेदकाचे तापमान कळते. संवेदक निसटून पेटीबाहेर पडला, तर तो थंड हवा मोजत राहील आणि थर्मोस्टॅट इमानेइतबारे तापपट्टी चालूच ठेवेल. दुसरा धोका म्हणजे रिलेचे संपर्क चिकटून बसणे. मग पेटी किती तापेल?

हिशोब करून पाहू

पेटीतून बाहेर जाणारी उष्णता ही आतल्या व बाहेरच्या तापमानांतील फरकाच्या सुमारे समप्रमाणात असते. आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता सारखी झाली, की तापमान स्थिर होते. म्हणून तापमानवाढ वॅटच्या प्रमाणात होते. समजा, २५ वॅटने एका पेटीचे उबदार टोक खोलीपेक्षा २० अंशांनी तापले. म्हणजे दर वॅटला ०.८ अंश.

रात्री खोली १६ अंश आणि हवे ३२ अंश, तर वाढ १६ अंश. १६ ÷ ०.८ = २० वॅट पुरे. कोणी ‘जास्त असलेले बरे’ म्हणून ४० वॅटची पट्टी लावली आणि थर्मोस्टॅट चालूच राहिला, तर तापमान १६ + ३२ = ४८ अंश होईल. साप मरेल. २० वॅटची पट्टी असेल, तर त्याच रात्री पेटी ३२ अंशांवरच थांबेल.

मग २० वॅट सुरक्षित झाले का? दुपारचा विचार करा. खोली ३० अंशांवर गेली, तर ३० + १६ = ४६ अंश! म्हणजे कमी वॅटची पट्टी रात्री वाचवते, दुपारी नाही. हिशोब सर्वांत थंड रात्रीचा आणि सर्वांत उष्ण दुपारचा, असा दोन्हींचा करायला हवा.

उपाय असा: पहिल्या थर्मोस्टॅटशी एकसर जोडणीत दुसरा थर्मोस्टॅट लावावा आणि तो ३५ अंशांवर ठेवावा. पहिला चिकटला तरी दुसरा मंडल तोडतो. पण दोन्ही संवेदक एकाच चिकटपट्टीने बसवू नयेत, नाहीतर ते एकदमच सुटतील. त्यांना वेगवेगळे पक्के बसवावे आणि निराळा तापमापक रोज वाचावा. पाण्याचे भांडे तारांपासून दूर असावे. भूसंपर्कन, फ्यूज आणि गळती-रोधक स्विच ही कामे जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावीत.

वीज गेली, तर हवेची भोके उघडी ठेवून पेटीभोवती कांबळे गुंडाळता येते. मात्र आधी स्विच बंद करा. कांबळ्यामुळे उष्णता कमी निसटते, म्हणजेच दर वॅटची तापमानवाढ वाढते. वीज परत आल्यावर जुना हिशोब लागू पडणार नाही.

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली एका रिकाम्या लाकडी पेटीत तारेचा दिवा लावा. दिवा लाकडापासून दूर असू द्या. १५ आणि २५ वॅटचे दिवे पाळीपाळीने लावून, तापमान स्थिर झाल्यावर खोलीपेक्षा किती वाढले ते लिहा. आलेखावर बिंदू मांडा. मूळ बिंदूतून जाणारी रेषा त्यांच्याजवळून जाते का?

आता हे सोडवा. एका पेटीत दर वॅटला ०.५ अंश वाढ होते. थंड रात्री खोली १२ अंश, दुपारी ३० अंश. हवे ३१ अंश. किती वॅट लागतील? थर्मोस्टॅट दुपारी चालूच राहिला तर तापमान किती होईल?

उत्तर: ३८ वॅट, ४९ अंश. दुसरा थर्मोस्टॅट येथेही हवाच.